सोर्स आणि टेसन

माझं वय वाढलं सारंगखेड्याला, माहेरी, पण मी मोठी झाले ती सासरी, आणि तेही एका दुपारी, मांडीवर चिऊ, पुढे पोट उघडं पडलेला कॉम्प्युटर, आणि मागे खाटेवर नाना, अशी बसलेली असताना. त्याच्या आधीचं सांगण्यासारखं काही नाही. नववीचं वर्ष अर्ध्यात सुटलं, सोयरीक जमली, लोणखेड्याच्या अलीकडच्या या गावात आले, चिऊ झाली, आणि हे सगळं होईपर्यंत मी फक्त घाबरत होते. मला सगळ्याची भीती वाटायची. कुकरची वाटायची, म्हशीची वाटायची, सासूबाईंची तर वाटायचीच, पण सगळ्यात जास्त वाटायची त्या पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरची.

आमचे हे लग्नाचे फोटो आणि पिक्चर काढतात, तेव्हाही काढायचे. पुढच्या खोलीत त्यांचं सगळं सामान, कॅमेऱ्याच्या पेट्या, लाइटच्या छत्र्या, आणि खिडकीशी टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्यावर सासूबाईंचं जुनं लुगडं पांघरलेलं असायचं, धूळ नको म्हणून. सासूबाईंना सगळं घर जिजी म्हणायचं, सासऱ्यांना नाना. मी ते लुगडं काढून टेबल पुसायची आणि परत पांघरायची, तेवढाच माझा त्याच्याशी संबंध. जिजीचं एकच सांगणं होतं, "पुसानं ते पुस, पन काही दाबजो नको." यांनी मात्र मला थोडं थोडं शिकवलं होतं, चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, पासपोर्ट फोटो कसा छापायचा. जिजी शेतात गेल्या की शिकवायचे. माऊसचा बाण मध्येच कुठं तरी गायब झाला की मला वाटायचं गेला, मोडला, आता माहेरी पाठवतात.

आणि तो कॉम्प्युटर म्हणजे काय सांगू, चालू केला की आधी घरघंटीत दगड पडल्यासारखा आवाज करायचा, मग नुसता गोल गोल फिरवत बसायचा. मी त्याला चालू करून डाळ चढवायची, कणीक मळायची, चिऊला आंघोळ घालायची, आणि येऊन बघावं तर अजून गोल फिरतोच आहे. नाना म्हणायचे, हाऊ बी मन्हासारखाच शे, उठस पन उठीसन बठस. आता माझ्या टेबलावर जो आहे तो कळ दाबली की लगेच तोंडावर हजर होतो, तरी मला सवयीनं वाटतं, जरा डाळ चढवून यावी.

तर झालं असं. नणंदेचं, कविताताईंचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि भावानंच बहिणीच्या लग्नाचा पिक्चर काढलेला, म्हणजे बघा किती जीव ओतलेला असेल. त्या पिक्चरची वाट कविताताईंच्या सासूबाई बघत होत्या. आमच्याकडे विहिणीला याहीण म्हणतात. या याहीणबाई म्हणजे मोठ्या बोलक्या, मोठ्या मानाच्या, त्यांनी ताटातलं मीठ कुठल्या बाजूला वाढलंय हे बघून घराणं ओळखावं अशा. त्यांचा फोन आला, उद्या मी सुरतला भावाकडे चालले, पिक्चर घेऊन जायचाय, आज संध्याकाळी येते, बघूही आणि पेनड्राइव्हमध्ये नेऊही. आणि आमचा कॉम्प्युटर तो पिक्चर उघडायला घेतला की अडकायचा. कविताताई हळद लावायला पाटावर बसायच्या आणि बसलेल्याच राहायच्या, पुढं काही हलायचंच नाही.

हे म्हणाले घाबरू नको, आणि शहाद्याहून आणून ठेवलेली नवी डिस्क काढली. काडेपेटीएवढी, हलकी, चकचकीत. जुनी डिस्क आतमध्ये होती, विटेसारखी जड. यांनी कॉम्प्युटरचा पत्रा उघडला, वायर जोडली, दोन्ही डिस्का एकदम लावल्या, आणि मला समजावत होते की जुनीमधलं बठ्ठं, म्हणजे सगळं, विंडोज, फोटू, कवितानं लगन, जसंच्या तसं नवीमध्ये जातं, मग नवी लावायची, मग हा पळतो. एवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न. मोलगीला लग्न होतं, त्या लोकांनी जीपच पाठवून दिली होती आणि ती वेळेच्या खूप आधी आली. डोंगरातला रस्ता, जीपवाला थांबायला तयार नाही. हे बॅगा गळ्यात अडकवत अडकवत सांगायला लागले, "मी बठ्ठं उघडी ठेयेल शे. तू फक्त सोर्स टाक, डेस्टिनेशन टाक, ने नेक्स्ट दाब. दिवसभर चाली ते. मी संध्याकाळले येस."

मी म्हटलं, "मी? अवो, मी नही! माले नही येत."

"येस तुले. फक्त उलटं करू नको. उलटं व्हयनं ते बठ्ठं गयं समज. कवितानं लगन बी गयं. कॅमेराना कार्डमा बी नही ते आते, मोलगीना करता कार्ड मोकळं करी टाकं मी."

"पन सोर्स म्हंजे..." मी म्हणेपर्यंत जीप वळली. धुळीत त्यांचा हात दिसला, काहीतरी सांगत होते, मला ते टाटासारखं दिसलं. मोलगीला फोन लागत नाही. त्या वेळी तर मुळीच लागायचा नाही.

आता माझी अवस्था सांगते. घरात लाइट कमी-जास्त व्हायचा, शेजारची घरघंटी चालू झाली की आमचा बल्ब लाल व्हायचा, आणि कॉम्प्युटरखालचा तो बॅटरीचा डबा नुसता पीं पीं करायचा, धरून ठेवायची ताकद त्याच्यात राहिलीच नव्हती. म्हणून हे जाता जाता अजून एक बोलले होते की आज मिक्सर लावू नका, कूलर लावू नका, इस्त्री लावू नका. आणि नेमका याहीणबाईंसाठी खापरावरच्या मांड्यांचा बेत. सोबत सार, त्याचा मसाला वाटायचा, तोही मिक्सर नाही. जिजी पाट्यावर बसल्या आणि वरवंटा असा काही आपटत होत्या की त्याच्या प्रत्येक फेरीत यांचं, माझं आणि कॉम्प्युटरचं, तिघांचं नाव होतं.

मी लुगडं बाजूला करून बसले. पडद्यावर दोन चौकोन. एक निळ्यानं पार गळ्यापर्यंत भरलेला, त्याच्यावर एक नंबर. दुसरा पांढरा, कोरा, त्याच्यावर दोन नंबर. म्हणजे एक नंबर जुनी, दोन नंबर नवी, हे मला कळलं. वर विचारत होता, सोर्स कोणता? ते मला नाही कळलं.

नाना खाटेवर पेपरातले कापसाचे भाव वाचत होते. म्हणाले, "काय म्हनस तो?"

"सोर्स इचारी ऱ्हायना, नाना."

नानांनी चष्मा वर केला. नानांना काही विचारलं की ते उत्तर न देता राहत नाहीत. "सोर्स? ते माले माहीत शे. सोर्स म्हंजे वशिला. तुन्हा नवरानी, गोपालनी, सोयरीक तीन ठिकाने मोडनी, मंग मी सोर्स लावा तवय जमनी. बिगर सोर्सनं जगमा काही व्हत नही. आते तू सांग, या दोन्हीसमा कोन्हा वशिला मोठा शे?"

मी बघत राहिले. निळा आणि पांढरा. वशिला कोणाचा ते काही लिहिलेलं नव्हतं.

"नवाना," नानांनीच निकाल दिला. "घरमा नवा जावाई येस तवय कोन्ही वट ऱ्हास? नवानी. टाक नवाले सोर्स."

स्वयंपाकघरातला वरवंटा थांबला. "मंग जुना काय उकिरडावर फेकना का?" जिजी आतूनच. "इतला वरीस राबना, बठ्ठासना लगनना फोटू पोटमा ठेया, ने आते नवी उनी म्हनीसन जुनीनी वट गयी?"

'जुनी' म्हणाल्या त्या. मी म्हटलं, "जिजी, कॉम्प्युटरनं चाली ऱ्हायनं."

"माले समजस कोन्हं चाली ऱ्हायनं ते!" आणि वरवंटा परत चालू, पहिल्यापेक्षा जोरात.

नाना हसू दाबून म्हणाले, "दुसरं काय इचारस?"

"डेस्टिनेशन."

"ते ते अजून सोपं. टेसन! नंदुरबारनं टेसन नही का? डेस-टेसन. म्हंजे जुनाले टेसनवर सोडी येवानं, ने नवाना वशिला लायीसन त्यानी जागा भरानी. सरळ शे बठ्ठं. इंग्रजी काही कठीन नही, पोरी, आयकानं ध्यान देयीसन."

"टेसनवर!" जिजी आता दारातच आल्या, हाताला ओला मसाला, कपाळावर केस. "मालेच सोडी या टेसनवर. तुम्ही ने तुम्हनी सून ऱ्हा घरमा, ने बठा सोर्स लाईसन!"

"तुले कोन लई जाई व?" नाना म्हणाले. "गाडी बी थांबाव नही तुन्हासाठे."

मी हसले नाही. म्हणजे तेव्हा हसले नाही, चिऊच्या डोक्यात तोंड घातलं. आणि खरं सांगते, घरात एवढं चाललेलं असताना मी नानांना कसं म्हणू की मला पटत नाही? पटत होतं की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आमच्याकडे सोर्स म्हणजे वशिलाच. माहेरीही तोच अर्थ, बाजारातही तोच. मी सोर्समध्ये नवी टाकली, टेसनमध्ये जुनी टाकली, नेक्स्ट दाबलं.

पडद्यावर पिवळा त्रिकोण आला. त्याच्यात उद्गारचिन्ह. आणि खाली इंग्रजी ओळ. नाना म्हणाले, "काय म्हनस? दाब, दाब. हो म्हनी ऱ्हायना तो." चिऊला तो पिवळा रंग आवडला, ती दोन्ही हातांनी कीबोर्डवर झेपावली, मी तिची मूठ पकडली, ती रडायला लागली. एका हातात तिची मूठ, दुसऱ्या हातात माऊस, आणि मी अक्षर अक्षर वाचत होते, जसं शाळेत वाचायची तसं, ओठ हलवून. वॉर्निंग. ते माहीत होतं, गॅसच्या टाकीवर असतं. ऑल. डाटा. डाटा म्हणजे मोबाइलमधला, रिचार्ज संपला की जातो तो. मग डिस्क, एक नंबर. विल बी. आणि मग तो शब्द. ई, आर, ए, एस, ई, डी. इ-रे-ज-ड.

इरेज. इरेज कुठं तरी ऐकलंय. आणि एकदम मला माझी कंपासपेटी दिसली. सारंगखेड्याची शाळा, खिडकीतून तापीवरून येणारं वारं, कंपासपेटीत पट्टी, शार्पनर आणि इरेझर. आमच्या इंग्रजीच्या बाई कोणी खोडरबर म्हटलं की बाकावर उभं करायच्या, इरेझर म्हणायचं. मी त्या शब्दापायी एवढ्या वेळा उभी राहिलेय की मरेपर्यंत विसरणार नाही. इरेझर म्हणजे खोडरबर. मग इरेज म्हणजे खोडणं. म्हणजे हा मला सांगतोय, एक नंबरमधलं सगळं मी खोडून टाकीन. एक नंबर म्हणजे निळी. निळी म्हणजे जुनी. जुनी म्हणजे कविताताई, हळद, पाट, सगळं.

"दाब ना वं," नाना म्हणाले.

"थांबा नाना," मी म्हटलं. सासऱ्याला थांबा म्हणायची ती माझी पहिली वेळ. नाना इतके चकित झाले की खरंच थांबले.

आणि त्याच वेळी बाहेर रिक्षा वाजली. याहीणबाई. संध्याकाळी येते म्हणालेल्या बाई ऊन डोक्यावर असताना हजर. नाना टोपी शोधत बाहेर पळाले, जिजी हात धुवायला मागे पळाल्या, आणि त्या खोलीत मी, चिऊ आणि पिवळा त्रिकोण, तिघंच उरलो.

मला पळून जावंसं वाटलं, खरंच. पण कुठे पळणार, कडेवर चिऊ आणि दारात याहीण. मी विचार केला. विचार करायची मला सवय नव्हती, घरात बाकीचे करायचे. उलटं करून बघावं का? मागे गेले, सोर्समध्ये जुनी टाकली, टेसनमध्ये नवी टाकली. नेक्स्ट. पुन्हा तोच त्रिकोण, तीच ओळ, तेच इरेज! म्हणजे काही केलं तरी हा खोडणारच? मग परत ओठ हलवून वाचलं. यावेळी दोन नंबर. दोन नंबर म्हणजे पांढरी, कोरी. तिच्यात काय आहे खोडायला? कोऱ्या पाटीवर फिरव बाबा किती फिरवायचं ते खोडरबर! मी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले, आणि दाबलं. डोळे उघडले तर एक हिरवी पट्टी, नखाएवढी, पुढे सरकायला लागली होती. मग मी रडले, चिऊ गप्प झाली.

याहीणबाई आत आल्या, खुर्चीत बसल्या, पदरानं वारा घेतला, आणि पहिलंच वाक्य, "माय माय, काय तपी ऱ्हायनं! कूलर लावा ना."

कूलरचं बटन त्यांच्या हाताशीच होतं. त्यांनी हात पुढे केला. हिरवी पट्टी अजून पाव भरली नव्हती. मी जिजींकडे बघितलं. आता जिजी म्हणजे सकाळपासून कॉम्प्युटरच्या नावानं वरवंटा आपटणाऱ्या बाई, त्यांना काय पडलंय, असं मला वाटलं. आणि जिजी शांतपणे म्हणाल्या, "नका लावू याहीणबाई, त्यामा काल्दिन साप निंघना."

याहीणबाईंचे पाय सरळ खुर्चीवर. "काय सांगतस! मारा का मंग?"

"नही. अजून मझारच शे, कूलरमा."

मग काय, याहीणबाई पाय वर घेऊन बसल्या त्या बसल्याच. कूलर नाही, पंखा नाही, आतून पाण्याचा तांब्या आला की तेवढ्यापुरते पाय खाली. जिजी स्वतः त्यांना सुपानं वारा घालत होत्या. नाना मध्येच म्हणाले, "कोनता साप?" तर जिजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की नाना म्हणाले, "हां हां, तो." जिजींचं एक मला तेव्हा कळलं. आमच्याशी भांडायच्या त्या घरातल्या घरात. बाहेरचं माणूस आलं की घरातला कॉम्प्युटरसुद्धा त्यांचा.

उन्हं उतरली तशी पट्टी भरली. पडद्यावर काहीतरी आलं, त्यात सक्सेस एवढं मी वाचलं, तो शब्द क्लासच्या जाहिरातीत असतो. थोड्या वेळानं मोलगीची जीप आली. हे धुळीनं लाल झालेले, आत येऊन पाहुण्यांना नमस्कार नाही, काही नाही, सरळ कॉम्प्युटरकडे. वाकून पडद्यावरची ओळ वाचली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सोर्स कोन्ता टाका?"

मी म्हटलं, "ज्यामा काही शे, तो."

ते नुसते हसले. मागून नाना मोठ्यानं, "मी सांगं तिले बठ्ठं! नवाले सोर्स टाक, म्हन्तं!" हे तोंड उघडणार तेवढ्यात मी डोळ्यानंच सांगितलं, गप्प राहा. नानांना आजही माहीत नाही. ते पेपरातले भाव सोडून काही वाचत नाहीत, म्हणून इथं बिनधास्त लिहिते.

यांनी जुनी डिस्क काढली, नवी लावली, कळ दाबली. मी सवयीनं उठले, म्हटलं तोपर्यंत खापराखालचा जाळ बघून येते. वळते तोच मागे गाणं वाजलं. चालू झाला होता! जिजी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "इतला बेगी? काही तरी ऱ्हाई गयं व्हई त्यामा." पण राहिलं काही नव्हतं. हळद आली, कविताताई पाटावर बसल्या आणि उठल्यासुद्धा. याहीणबाई सापाला विसरून पाय खाली सोडून पुढे सरकल्या. ताटं तिथंच आली, खापरावरून उतरलेले मऊ मांडे, वाटीत सार, तूप. पिक्चरमध्ये पंगत बसली. पिक्चरमधल्या याहीणबाईंनी मांड्याचा घास मोडला, आणि कॅमेरा जवळच होता, आवाज इतका स्वच्छ आला, "बाई बाई, मांडा ते कच्चाच ऱ्हाई गया. या लोकेसले काही येत नही का?"

खुर्चीतल्या याहीणबाईंच्या हातात मांड्याचा घास तसाच. मला वाटलं, तेवढ्या जागेपुरतं खोडरबर फिरलं असतं तर किती बरं झालं असतं. जिजींनी तुपाची वाटी उचलली, याहीणबाईंच्या ताटात धार सोडली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आज ते बरोबर शेकाई गया ना, याहीणबाई?"

याहीणबाई त्या दिवशी मांडे मागून मागून खाऊन गेल्या. सुरतलाही बांधून नेले.

दुसऱ्या दिवशी जिजींनी मला खापरापुढे बसवलं. मांडा हातावर कसा झेलायचा, मनगटावरून कोपरापर्यंत कसा लांबवायचा, हे त्यांनी तोपर्यंत कोणाला शिकवलं नव्हतं. माझे पहिले सगळे मांडे चुलीत पडले. मग जमले. आता माझे मांडे जिजींसारखेच होतात, आणि जिजींच्यातलं काही कमी झालेलं नाही, त्या अजूनही माझ्यापेक्षा पातळ करतात आणि ते बोलूनही दाखवतात. जुनी डिस्क यांना पुसून दुसऱ्या कामाला वापरायची होती, जिजींनी दिली नाही, त्यांच्या पेटीत लुगड्यात गुंडाळून ठेवलीय, म्हणतात, टेसनवर नही जाणार ती.

आता पुढच्या खोलीत मीच बसते. आसपासच्या गावातले लोक अडकलेले कॉम्प्युटर घेऊन येतात, मी डिस्क बदलून देते. किती बदलल्या असतील, तरी त्या दोन चौकोनांपुढे बसले की चुकू नये म्हणून मी मोठ्यानं म्हणते, "सोर्स जिजी, टेसन मी. सोर्स जिजी, टेसन मी." मग नेक्स्ट दाबते. परवा असंच म्हणत होते, तर आतून वरवंटा थांबला.

"काय वं, माले टेसनवर धाडी ऱ्हायनी का?"

"नही जिजी," मी म्हटलं, "तुम्ही जठे शेतस तठेच ऱ्हा. मीच जाई ऱ्हायनू."

"जाय मंग," जिजी म्हणाल्या, "पन आधी मिक्सर लावू का नको ते सांग."